नळी कोणाच्या हाती?

पेट्रोल पंपावर उभा राहून वाहनात इंधन भरून देणारा माणूस ही जुन्या काळाची चैन आहे. प्रगत देशांप्रमाणे ग्राहकानेच नळी हातात घ्यावी, यंत्राला कार्ड दाखवावे आणि पुढे निघावे, हा विचार अलीकडे शहरी सुशिक्षितांच्या बोलण्यात डोके वर काढू लागला आहे. आजमितीस भारतातील जवळजवळ प्रत्येक पंपावर माणूसच इंधन भरतो. त्यामुळे हा वाद अजून दूरचा आहे असे कोणास वाटेल. परंतु टोलनाक्यांचे उदाहरण फार जुने नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. वाहनांच्या रांगा किती कमी झाल्या याची चर्चा देशभर झाली. नाक्यावर पावती फाडणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. निर्णय आधी होतो, माणसांचा विचार नंतर होतो किंवा होतच नाही, हा या देशातील यांत्रिकीकरणाचा रिवाज बनला आहे. म्हणूनच पंपावरील माणसाचा प्रश्न तो माणूस अजून जागेवर आहे तोवरच उपस्थित केला पाहिजे.

या वादात आज दोन पक्ष दिसतात. एक पक्ष कार्यक्षमतेचा ढोल बडविणारा. त्याच्या मते कामगार म्हणजे वेळ, खर्च आणि फसवणूक. दुसरा पक्ष आठवणींत रमणारा. पूर्वी पंपावर गाडी थांबली की काच पुसली जाई, हवा पाहिली जाई, रेडिएटरमध्ये पाणी घातले जाई, आणि हे सारे हसतमुखाने होई, असे तो सांगतो आणि ते दिवस गेले म्हणून हळहळतो. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघांचीही दृष्टी ग्राहकाच्या सोयीपलीकडे जात नाही. पहिल्याला कामगार ही अडचण वाटते, दुसऱ्याला तो शोभा वाटतो. तो किती तास उभा असतो, त्याच्या हाती महिन्याकाठी काय पडते आणि तो कोणाचा नोकर आहे, हे दोघांच्याही गावी नाही. खरा प्रश्न मात्र हाच आहे.

तेल राष्ट्राचे, नळी मात्र खाजगी

जुन्या पंपांची आठवण मनोहर आहे, यात शंका नाही. विजेचे पंप येण्यापूर्वी उंच खांबावर काचेची भांडी बसविलेली असत. कामगार हाताने दांडा चालवून जमिनीखालच्या टाकीतील पेट्रोल त्या भांड्यात चढवी आणि मग ते आपल्याच भाराने नळीवाटे गाडीत उतरे. माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचेत असे. यंत्राच्या पोटात दडलेले नसे. पुढे गॅलनची जागा लिटरने घेतली, फिरत्या आकड्यांचे पंप आले, नंतर चमकत्या आकड्यांचे आले. बर्मा-शेलचा शिंपला, एस्सोचा वाघ आणि कॅलटेक्सचा तारा ही चिन्हे एका पिढीच्या डोळ्यांत घर करून राहिली. घाटाखालून राजूर घाट किंवा बोथा घाट चढून बुलढाण्यास येणाऱ्या मोटारीला घाटापूर्वी पाणी, हवा आणि ऑइल पाहून घेणे ही त्या काळी चैन नव्हती. ती गरज होती.

परंतु ही सेवा कोणासाठी होती? मोटार ही तेव्हा मोजक्यांची मालमत्ता होती. जिल्ह्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना तेलकंपनी ठाऊक होती ती रॉकेलच्या डब्यापुरती. १९७९-८० च्या टंचाईत डिझेल आणि रॉकेलसाठी लागलेल्या रांगा ही ग्रामीण माणसाची तेलाविषयीची आठवण आहे. पुसलेली काच ही नव्हे. आणि दांडा चालविणाऱ्या त्या माणसाला या साऱ्या स्मरणरंजनात नाव नाही, गाव नाही, पगार नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरमधील अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांतच जवळजवळ चौपट झाले. परदेशी कंपन्यांच्या हाती देशाची नाडी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्या धक्क्याने दाखवून दिले. १९७४ साली एस्सोचा, १९७६ साली बर्मा-शेलचा आणि त्यामागोमाग कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या उभ्या राहिल्या. इंडियन ऑइल १९५९ पासून होतीच. हे पाऊल योग्य होते. परंतु ते रिफायनरीपाशी आणि डेपोपाशी थांबले. रिफायनरीतील कायम कामगाराला वेतनकरार मिळाला, निवृत्तीचे लाभ मिळाले, संघटना मिळाली. पंप मात्र पूर्वीप्रमाणे डीलरकडे राहिला आणि पंपावरचा माणूस त्या डीलरचा खाजगी चाकर राहिला. अकोला जिल्ह्यातील गायगावच्या डेपोतून टँकर निघतो तोवर तेलाला मायबाप असतात. नांदुऱ्याच्या किंवा मेहकरच्या पंपावर ते उतरले की ते ग्राहकाला भरून देणारा माणूस कंपनीचा नसतो, सरकारचा नसतो आणि कित्येकदा हजेरीपुस्तकातही नसतो. राष्ट्रीयीकरण तेलाचे झाले, नळीचे झाले नाही.

पंप कोणाला द्यावा, याविषयी मात्र राज्यकर्त्यांनी पुष्कळ रस घेतला. मंत्र्याच्या मर्जीने झालेले पंपवाटप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावे लागले. २००२ साली पुन्हा वाटपाचा गवगवा झाला आणि जानेवारी २००० पासूनची सारी वाटपे सरकारने एका फटक्यात रद्द केली. तो सरसकट निर्णयही न्यायालयात टिकला नाही. मालक कोण व्हावा यावर एवढे रण माजले. त्या मालकाकडे राबणाऱ्याला काय मिळावे, यावर संसदेत तितकी धूळ कधी उडाली नाही.

बचत कोणाच्या खिशात?

स्वयंसेवेचे समर्थक सांगतात की माणूस कमी झाला म्हणजे खर्च कमी होईल आणि खर्च कमी झाला म्हणजे इंधन स्वस्त होईल. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक कामगार एका पाळीत एक हजार लिटर इंधन भरतो आणि त्याला दिवसाला पाचशे रुपये मिळतात असे धरले, तर त्याच्या श्रमाचा भार लिटरमागे पन्नास पैसे होतो. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. म्हणजे ज्याला हटवून स्वस्ताई आणावयाची म्हणतात, त्या माणसाचा वाटा शंभरात अर्धा रुपया! उरलेल्या साडेनव्व्याण्णव रुपयांत कच्चे तेल आहे, शुद्धीकरण आहे, वाहतूक आहे, डीलरचे कमिशन आहे आणि केंद्र व राज्य यांचे भरभक्कम कर आहेत. त्या डोंगराकडे पाठ फिरवून या खड्याकडे बोट दाखविणे ही कार्यक्षमता नव्हे, ही नजरबंदी आहे.

आणि तो अर्धा रुपया तरी ग्राहकाला मिळेल काय? अनुभव काय सांगतो ते पाहावे. २०१४ नंतर जागतिक बाजारात कच्चे तेल कोसळले. त्याचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पूर्णपणे पोहोचू नये अशी व्यवस्था झाली. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोपविल्याचे जाहीर झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. तरीही मे २०१८ मध्ये कर्नाटकातील मतदानापूर्वी हेच रोज बदलणारे दर सलग १९ दिवस जागचे हलले नाहीत. जेथे तेलाच्या किमतीतील घसरणीचा पैसा सामान्य माणसाला पुरता मिळत नाही, तेथे कामगाराच्या पगारातून वाचविलेला पैसा त्याला मिळेल, असे मानणे म्हणजे मांजराच्या हाती दुधाची राखण देणे होय.

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी तेथील इतिहास नीट वाचावा. १९४७ साली लॉस एंजलिसमध्ये स्वयंसेवेचा पंप निघाला तेव्हा पंपमालक आपला दर आपण ठरवीत असे आणि दर कमी करून गिऱ्हाईक खेचीत असे. त्या स्वस्ताईला भिऊन न्यू जर्सीतील अन्य पंपमालकांनी १९४९ साली स्वयंसेवेवर बंदी घालून घेतली; ओरेगॉनने १९५१ मध्ये तशीच बंदी आणली आणि २०२३ साली ती सैल केली. म्हणजे ती बंदीही मूलतः कामगारांच्या कळवळ्यातून आलेली नव्हती. परंतु भारतातील सार्वजनिक कंपन्यांच्या पंपांवर दर डीलर ठरवीत नाही, कंपनी ठरविते. ग्राहकाने स्वतः नळी धरली म्हणून त्याचे बिल कमी होण्याचा मार्ग या रचनेत नाही. येथे स्वयंसेवा म्हणजे ग्राहकाने करावयाची बिनपगारी पाळी.

चोर कोण?

दुसरा युक्तिवाद फसवणुकीचा आहे. पंपावरचा पोरगा मापात मारतो, म्हणून नळी ग्राहकाच्या हाती असावी, असे म्हणतात. लबाडी होत नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु २०१७ साली जे उघडकीस आले ते येथे आठवावे. उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रांत बसविलेल्या चिपा सापडल्या. त्यापाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी छापे घातले आणि येथेही यंत्रांत फेरफार केल्याचे आढळले. ही चोरी हाताची नव्हती, यंत्राच्या पोटातील होती. त्या पोटाची किल्ली कामगाराच्या खिशात नसते. चिप बसविलेल्या यंत्राची नळी ग्राहकाने स्वतः धरली असती तर माप पुरे भरले असते काय? काचेच्या भांड्यात माप लोकांच्या डोळ्यांसमोर होते. ते यंत्रात गेले आणि यंत्र जाणणाऱ्यांच्या ताब्यात गेले. त्यावर उपाय कडक तपासणी हा आहे. पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते आणि ते मागण्याचा ग्राहकाला अधिकार असतो. तो वापरणारा नागरिक हवा. ‘शून्य पाहा’ म्हणणारा माणूस काढून टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे.

फसवणुकीचा भुर्दंड पडतो तो मात्र याच माणसावर. पाळी संपली की मीटरचे आकडे आणि गल्ल्यातील पैसे यांचा मेळ घातला जातो. तूट निघाली की ती पगारातून कापण्याची रीत अनेक पंपांवर आहे. फाटकी नोट, चुकलेला हिशेब, मोबाईलवरून न आलेले पैसे, भरून घेऊन पळालेली गाडी, या साऱ्यांचा विमा म्हणजे कामगाराचा पगार. नफ्यात वाटा नाही, तोट्यात मात्र पुरी भागीदारी, असा हा व्यवहार आहे.

सुरक्षेचा विचार तर स्वयंसेवेचे पुरस्कर्ते करीतच नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील मोटारगाडी असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीनुसार देशातील पेट्रोलच्या खपापैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जाते आणि डिझेलच्या खपापैकी सुमारे १३ टक्के डिझेल शेतीकडे जाते. तापलेल्या इंजिनावरील छोट्या टाकीचे तोंड, मागे बसलेली बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी कॅन घेऊन आलेले शेतकरी. पाठीमागे उसाची किंवा सरकीची गाडी: हे बुलढाणा जिल्ह्यातील पंपाचे नित्याचे दृश्य आहे. किती भरावे, कोठे थांबवावे, कोणाला बिडी विझवावयास लावावी, हे जाणणारा माणूस तेथे हवा असतो. त्याचे काम हलके दिसते म्हणून ते कमी कौशल्याचे ठरत नाही.

पंप हा रोजगार का बनला?

बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील कोरडवाहू जिल्हा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान पॅकेज जाहीर केले, त्यांत त्याचा समावेश होता. घाटावर सोयाबीन आणि कापसाच्या भावाची टांगती तलवार, घाटाखाली संग्रामपूर-जळगाव जामोद-शेगावकडे खारपाणपट्टा. औद्योगिक वसाहती आहेत, परंतु शेतीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना सामावून घेण्याइतक्या त्या मोठ्या नाहीत. अशा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांना जोडणारा जुना सहा क्रमांकाचा, आजचा त्रेपन्न क्रमांकाचा महामार्ग आणि दक्षिणेकडून जाणारा समृद्धी महामार्ग यांच्या आधाराने जी थोडी नोकरी उभी राहते, त्यांत पंप हा एक आधार आहे. बारावी झालेला, प्रसंगी पदवी घेतलेला तरुण पुणे-सुरतेस जाण्यापूर्वी, किंवा तेथून परतल्यावर, पंपावर उभा राहतो. पाहणाऱ्याला ती नोकरी वाटते. ती करणाऱ्याला ती केवळ पुढची नोकरी मिळेपर्यंतची सोय वाटते. तिला भविष्य नाही, कारण तिला कायद्याने भविष्य दिलेले नाही.

कायद्यांची रचनाच पाहावी. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतो. तालुक्याच्या पंपावर इतकी माणसे क्वचितच असतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने राज्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि दुकानांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज तेथे कायदा आपली चौकट आखडून घेत आहे. किमान वेतनाचा अधिकार १९४८ पासून कायद्यात आहे आणि आता तो वेतन संहितेत आहे. परंतु ज्याचे नाव पुस्तकात नाही त्याच्यासाठी तो पुस्तकातच राहतो. २०१७ साली कमिशनवाढीबरोबर तेलकंपन्यांनी डीलरांना किमान वेतनाचे बंधन घातले आणि मोडल्यास दंडाची तरतूद केली, तेव्हा डीलरांच्या संघटनांनी त्या दंडाविरुद्ध ओरड केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कमिशन पुन्हा वाढले, पेट्रोलवर लिटरमागे सुमारे ६५ पैसे आणि डिझेलवर सुमारे ४४ पैसे. डीलरचाही खर्च वाढला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या पैशांतील किती पैसे नळी धरणाऱ्या हातापर्यंत आले, हे विचारण्याची सोय कोणत्याही कामगाराला नाही.

शिवाय हा माणूस दिवसभर पेट्रोलची वाफ हुंगत असतो. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे मान्य केले आहे. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसविण्याची सक्ती मोठ्या शहरांतील आणि मोठ्या खपाच्या पंपांपासून सुरू झाली. तालुक्याच्या पंपावर कामगाराच्या नाकातोंडावर रुमाल हीच यंत्रणा. मे महिन्यात खामगाव-शेगावकडील उन्हात ती वाफ किती उठत असेल, याची कल्पना वातानुकूलित गाडीची काच दोन बोटे खाली करून पैसे देणाऱ्याला येणार नाही.

जगात दुसरी वाटही आहे

‘जग पुढे गेले’ हे वाक्य या वादात वारंवार फेकले जाते. जगाचा अर्थ अमेरिका आणि युरोप एवढाच नसतो. ब्राझीलमध्ये साम्यवादी पक्षाचे संसद सदस्य आल्दो रेबेलो यांच्या पुढाकाराने जानेवारी २००० मध्ये कायदा झाला आणि ग्राहकाने स्वतः चालवावयाच्या पंपांना देशभर मनाई करण्यात आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथील पंप-कामगाराला धोक्याच्या कामाबद्दल मूळ वेतनाच्या तीस टक्के भत्ता मिळतो. नोकरी राखली आणि नोकरीची किंमतही ठरविली. दक्षिण आफ्रिकेतही स्वयंसेवेला परवानगी नाही. तेथे पेट्रोलच्या नियंत्रित दरातच पंपचालकाचा खर्च धरला जातो आणि त्यात कामगाराचे वेतन येते. तेथील बेकारी पाहून हा निर्णय जाणीवपूर्वक झालेला आहे. याउलट जपानने १९९८ साली स्वयंसेवेला वाट दिली. १९९०च्या दशकाच्या मध्यास तेथे सुमारे साठ हजार पंप होते. आज ते तीस हजारांच्याही खाली आले आहेत. त्यास घटती लोकसंख्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्या अशी अन्य कारणेही आहेत. परंतु पंपाचा धंदा मोठ्या भांडवलाचा आणि मोठ्या खपाचा खेळ झाला की पहिले दिवे मालवतात ते खेड्यांतील, हा धडा संग्रामपूर आणि लोणार तालुक्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यंत्राला आंधळा विरोध हे समाजवादाचे धोरण कधीच नव्हते. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र हवे, माणसालाच हलका करणारे नको, एवढाच आग्रह होता. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाविषयी व्यवस्थापनाशी करार केला. संगणक आला, परंतु अटींनिशी आला. दांडा मारावयाचा पंप जाऊन विजेचा आला, त्याने कामगाराचे खांदे वाचले; त्याचे स्वागतच करावयास हवे. प्रश्न यंत्र येणार की नाही हा नाही. ते कोणाच्या अटीवर येणार हा आहे. आणि यंत्र येणारच आहे. नळीच्या मार्गाने स्वयंसेवा उद्या येवो वा न येवो, विजेच्या वाहनांच्या मार्गाने ती आलेलीच आहे. चार्जिंगच्या खांबाजवळ माणूस लागत नाही; गाडीवाला स्वतः तार लावतो आणि मोबाईलवरून पैसे देतो. रस्त्यांवरील दुचाकी जसजशा विजेवर जातील तसतसा पंपावरील माणूस कोणतीही घोषणा न होता घरी जाईल. त्या दिवशी त्याच्याकडे नोंद नसेल, सेवाकाल नसेल, ग्रॅच्युइटी नसेल. तो तेथे होता याचा पुरावादेखील नसेल.

म्हणून आज करावयाचे काम स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. ज्यांचा मालक रोज बदलतो अशा हमालांची नोंद मंडळाकडे झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावर आकारलेल्या लेव्हीतून निधी, रजा व बोनस यांची सोय झाली. १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठीही तसेच मंडळ स्थापण्याचा कायदा झाला. पंप-कामगारांसाठी असे मंडळ का असू नये? देशातील पंपांची संख्या आज सुमारे एक लाख आहे. पंपामागे आठ माणसे धरली तरी हा आठ लाखांचा कामगारवर्ग होतो. महिन्याला दीड लाख लिटर विकणाऱ्या पंपावर लिटरमागे दहा पैसे लेव्ही ठेवली तर दरमहा पंधरा हजार रुपये जमतात. तेलाचा प्रत्येक लिटर मोजला जातो, यंत्रांना जोडलेल्या संगणकात त्याची नोंद असते. त्यामुळे ही लेव्ही चुकविणे माथाडींच्या लेव्हीइतके सोपेही नाही.

या मंडळाकडे प्रत्येक पंप-कामगाराची नोंद असावी. पगार त्याच्या बँकखात्यात जमा व्हावा. तूट कापण्याची पद्धत बंद व्हावी. आठ तासांची पाळी, पाळीत बसण्यासाठी स्टूल आणि सावली, दरवर्षी रक्ततपासणी आणि ब्राझीलप्रमाणे धोक्याचा भत्ता मिळावा. कमिशनवाढीतील कामगाराचा वाटा किती, हे जाहीर व्हावे. आणि पंपावर चार्जिंगचा खांब बसविताना तेथील कामगाराच्या प्रशिक्षणाची व पुनर्नियुक्तीची अट परवान्यातच असावी. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी केला, त्या राज्याला तर ती नवीही वाटू नये.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी सुरुवात नोंदणीपासून करावी. मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत तेरा तालुक्यांतील प्रत्येक पंपावर जाऊन किती माणसे काम करतात, किती तास करतात, पगार रोख की खात्यावर आणि कापला जातो तर किती, याची यादी करावी. मालकासमोर कामगार बोलणार नाही. त्याच्या घरी जावे लागेल. डीलरांतही सारेच लबाड नाहीत. कंपनीच्या दट्ट्याखाली पिचलेला लहान डीलर या मंडळाचा मित्र होऊ शकतो, कारण लेव्ही सर्वांना सारखी लागली तर कमी पगारावर चालणारी स्पर्धा थांबते. अशी यादी हातात असली म्हणजे कामगार आयुक्तांपुढे आणि तेलकंपन्यांच्या विभागीय कार्यालयांपुढे बोलता येईल. नुसत्या कळवळ्यावर तेथे कोणी दार उघडत नाही.

स्वयंसेवा की पूर्ण सेवा, हा वाद शेवटी श्रमाची किंमत कोणी द्यावी याचा वाद आहे. स्वयंसेवेत ती ग्राहकाकडून फुकट घेतली जाते. आजच्या तथाकथित पूर्ण सेवेत ती कामगाराकडून अर्धी फुकट घेतली जाते. दोन्हींचा लाभ एकाच बाजूला जातो. कामगाराला किंमत देणारी सेवा उभी राहिली तर तिचे समर्थन आठवणींच्या आधारे करावे लागणार नाही. ती उभी राहिली नाही, तर पंपावरचा माणूस एक दिवस नाहीसा होईल आणि काचेच्या भांड्यासारखाच केवळ हळहळीचा विषय बनेल.